संगणक प्रशिक्षकांनो, तुम्ही काय शिकवणे थांबवले?

पाटीपेन्सिल

नमस्कार.

तंत्रज्ञान बदलले की आपल्या क्षेत्रात पहिला प्रश्न विचारला जातो तो अभ्यासक्रमात नवे काय घालायचे हा. मला या धाग्यावर उलट प्रश्न मांडायचा आहे, कारण प्रशिक्षकाची खरी कसोटी तिथे लागते असे माझे मत झाले आहे. वर्गाचे तास वाढत नाहीत. जुने काही बाहेर काढल्याशिवाय नव्याला जागा होत नाही, आणि जे बाहेर काढायचे असते तेच बहुतेक वेळा आपल्याला सर्वांत चांगले शिकवता येत असते. म्हणून विचारतो : तुम्ही काय शिकवणे थांबवले, आणि त्या जागी काय आणले?

मी एका तालुक्याच्या गावी संगणक प्रशिक्षण केंद्र चालवतो. २००१ नंतर महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम गावोगावी नेला आणि शासकीय नोकरीसाठी संगणक अर्हता मागितली जाऊ लागली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांची केंद्रे उभी राहिली. त्या काळी शिकवण्याची सर्वमान्य रीत म्हणजे पायऱ्या लिहून देणे. फॉरमॅट मेनू उघडा, त्यात पॅराग्राफ निवडा, मग इंडेंट. विद्यार्थी वहीत उतरवून घेत, घरी पाठ करत आणि परीक्षेत बरोबर करत. ऑफिस २००७ आले आणि मेनूंच्या जागी रिबन, म्हणजे बटणांची आडवी पट्टी, बसली, तेव्हा त्या वह्या एका वर्षात निकामी झाल्या. मात्र ज्या मुलांना परिच्छेद म्हणजे काय, समास कशासाठी सोडतात, शीर्षकाची शैली एकदा ठरवली की ती पूर्ण दस्तऐवजाला कशी लागू होते हे कळले होते, त्यांनी थोडी शोधाशोध करून काम चालू ठेवले. पुढे २०१२ मध्ये विंडोज ८ मधून स्टार्टचे बटणच गेले आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये जुन्या वळणाचा स्टार्ट मेनू परत आला, तेव्हाही हेच दिसले. बटणाची जागा कंपनी ठरवते आणि ती हवी तेव्हा बदलते. पत्राला समास लागतो ही गोष्ट बदलत नाही.

तेव्हापासून मी मेनूचे मार्ग तोंडी सांगून वहीत उतरवून घेणे बंद केले आहे. संगणकाच्या पिढ्या, फ्लॉपीची क्षमता, इनपुट-आउटपुट साधनांच्या लांबलचक याद्या हेही वर्गातून काढले. ज्याला परीक्षेपुरते हवे असेल तो वाचून घेतो. त्यातून मोकळा झालेला वेळ मी फाइल, फोल्डर, फाइलचा प्रकार आणि फाइलचा आकार या चार गोष्टींना दिला आहे. वीस वर्षांपूर्वी याच गोष्टी एका तासात उरकत, आज त्यांना सर्वाधिक वेळ लागतो. २०१६ नंतर स्वस्त डेटा आला आणि मुले संगणकाच्या आधी मोबाइलवर शिकू लागली. मोबाइलवर फोटो गॅलरीत असतो, गाणे गाण्यांच्या ॲपमध्ये असते, कागदपत्र व्हॉट्सॲपवर असते. ते उपकरणात एका ठरावीक जागी ठेवलेले असते आणि त्या जागेला पत्ता असतो, ही कल्पनाच त्यांच्यासमोर कधी आलेली नसते.

एक उदाहरण जवळून सांगतो. महाविद्यालयात जाणारी एक विद्यार्थिनी महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होती. उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो तिने मोबाइलवर काढला होता आणि तो व्हॉट्सॲपवरून संगणकावर उतरवून घेतला होता. फाइल जोडण्याची खिडकी उघडल्यावर तिने विचारले, ‘सर, यात गॅलरी कुठे आहे?’ डाउनलोड्स फोल्डर दाखवल्यावर तिथे एकसारख्या लांब नावांच्या पंधरा-वीस फाइली होत्या. त्यांतली कोणती आपली हे ओळखण्यासाठी तारखेनुसार क्रम लावायचा असतो हे तिला ठाऊक नव्हते. फाइल सापडली तर ती मर्यादेपेक्षा मोठी निघाली. छोटी केली तर दाखल्यावरचा क्रमांक वाचता येईना. त्या दिवशी आम्ही पाऊण तास फक्त एवढेच केले : केबी आणि एमबी म्हणजे काय, फोटोचा आकार कशाने वाढतो, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा का राहतो, आणि जेपीजीची पीडीएफ कशी करायची. ही मुलगी मोबाइलवर माझ्यापेक्षा कितीतरी वेगाने काम करते. तिला येत नव्हते ते हेच, आणि हे तिला आपल्याशिवाय कोणी शिकवणारे नव्हते.

आता माझ्या वर्गात एक नियम आहे. प्रत्येक काम दोन प्रोग्राममध्ये करायचे. विनंती अर्ज आधी वर्डमध्ये, मग लिबरऑफिस रायटरमध्ये किंवा गूगल डॉक्समध्ये. दुसऱ्या वेळी मी एकही बटण दाखवत नाही. ‘ओळींमधले अंतर’ हे काम कोणत्या नावाने, कोणत्या चित्राखाली लपले असेल याचा अंदाज विद्यार्थ्याने घ्यायचा असतो. सुरुवातीला पालक तक्रार करतात की सर शिकवत नाहीत, मुलांनाच शोधायला लावतात. त्यांना समजावून सांगावे लागते आणि मी ते सांगतो.

यंत्रांचा प्रश्न वेगळा आहे, पण तो टाळता येत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार (कंपनीकडून मिळणारी नियमित अद्यतने) संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. लहान केंद्रांतली बरीच यंत्रे त्यात बसत नाहीत. त्यांवर लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली टाकून फाइल-फोल्डर आणि लेखनाचे वर्ग तिथे घ्यावेत, असे मी ठरवले आहे. कोणी हे केले असल्यास अनुभव लिहावा.

वेलांटी

पाटीपेन्सिल सर, आपला प्रश्न मनापासून पटला. मी टंकलेखन संस्था चालवते. माझ्या सासऱ्यांनी ती टंकयंत्रांवर सुरू केली होती. गोदरेजने २००९ च्या सुमारास यंत्रे बनवणे थांबवले, पुढे सुटे भाग आणि दुरुस्त करणारे हातही दुर्मीळ झाले, आणि शासनाच्या परीक्षा संगणकावर आल्यावर आम्हीही संगणक घेतले. लोकांना वाटते की टंकलेखनात काय बदलणार, कळपट (कीबोर्ड) तर तोच. प्रत्यक्षात मराठी टंकलेखनात जेवढे बदलले तेवढे फार थोड्या विषयांत बदलले असेल.

टंकयंत्रावर जे डोळ्यांना आधी दिसते ते आधी उमटवायचे असते. ‘किती’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी, मग क. ‘धर्म’ लिहिताना ध, म आणि शेवटी रफार. श्री-लिपी, आकृती, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्येही बरेचसे असेच चाले, कारण तिथे अक्षराचे फक्त चित्र साठवले जाई. युनिकोडमध्ये अक्षर उच्चाराच्या क्रमाने साठवले जाते. इनस्क्रिप्ट कळपटावर, जो १९९१ च्या भारतीय मानकात आहे, ‘किती’ लिहिताना आधी क आणि मग वेलांटी; ‘धर्म’ लिहिताना ध, र, हलन्त, म. ज्या हाताने वर्षानुवर्षे वेलांटी आधी मारली तो हात वळायला फार कष्ट पडतात. न्यायालयातल्या एका ज्येष्ठ लघुलेखकांना मी शिकवले आहे. वेग त्यांना माझ्याहून अधिक होता. पण पहिले काही आठवडे प्रत्येक रफाराशी त्यांची बोटे थबकत.

म्हणून मी जे थांबवले ते हे : पहिल्या दिवसापासून वेग मोजणे. पूर्वी आठवड्याभरात घड्याळ लावले जाई. आता आधी शब्द तोंडाने फोडून सांगायचा आणि मगच कळ दाबायची. ‘कार्यालय’ म्हणजे क, काना, र, हलन्त, य, काना, ल, य. हे एकदा बसले की मोबाइलवर असो, संगणकावर असो, नव्या कळपटावर असो, त्या व्यक्तीचे मराठी बिघडत नाही. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ऱ वेगळ्या कळीवर आहे, हे न सांगितल्यामुळे किती कार्यालयांच्या पत्रांत ‘दुसर्‍या’च्या जागी भलतेच जोडाक्षर उमटलेले असते, हे आपण सगळे पाहतो.

जुने फाँट शिकवणे मात्र मी पूर्ण बंद केलेले नाही. अजूनही छापखान्यांत आणि काही कार्यालयांत त्यांतल्या फाइली येतात. मजकूर उचलून ईमेलमध्ये चिकटवला की रोमन चिन्हांचा गोंधळ दिसतो आणि माणूस घाबरून पुन्हा सगळे टाइप करायला बसतो. तो मजकूर युनिकोडमध्ये कसा रूपांतरित करायचा आणि नंतर रफार व जोडाक्षरे कुठे तपासायची, एवढे मी शिकवते. टाइप करायला मात्र जुना फाँट शिकवत नाही.

जमाखर्च

लेखा-प्रशिक्षणातला अनुभव लिहितो. आमच्याकडे प्रोग्राम आणि कायदा दोन्ही बदलतात. १ एप्रिल २००५ ला महाराष्ट्रात व्हॅट आला, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, २०२० च्या अखेरीस टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती टॅलीप्राइम आली, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर प्रामुख्याने पाच आणि अठरा टक्क्यांवर आले. ज्यांनी बारा आणि अठ्ठावीस टक्क्यांची यादी पाठ करून घेतली होती, त्यांच्या विद्यार्थ्यांनी नोकरीच्या ठिकाणी जुन्याच दराने बिले फाडल्याचे मी पाहिले आहे.

मी दर पाठ करून घेणे बंद केले. माल कुठून कुठे गेला हे आधी विचारायचे. राज्यातल्या राज्यात असेल तर कर केंद्र आणि राज्य यांत निम्मा-निम्मा विभागला जातो, राज्याबाहेर असेल तर एकात्मिक कर लागतो. दर काय आहे ते त्या दिवशी अधिकृत यादीत पाहायचे. हेच लघुकळींचे. एफ५ ला पेमेंट, एफ६ ला रिसीट, एफ८ ला विक्री या कळी टॅलीप्राइममध्येही तशाच राहिल्या, पण क्रेडिट नोटेची कळ बदलली. पूर्वी कंट्रोल आणि एफ८ होती, आता ऑल्ट आणि एफ६ आहे. ज्याला माल परत आल्यावर ग्राहकाच्या खात्यात काय होते हे समजले आहे, त्याला कळ दोन मिनिटांत सापडते. ज्याला फक्त कळ ठाऊक होती, त्याची नोंद चुकीच्या प्रकारात जाते आणि ताळेबंद जुळेना झाल्यावर तो टॅलीला दोष देतो.

म्हणून माझा पहिला पूर्ण आठवडा संगणकाविना जातो. किराणा दुकानाची खतावणी वहीवर लिहून घेतो. नावे कोणाला, जमा कोणाची, रोकड किती शिल्लक. विद्यार्थी कंटाळतात, काही निघूनही जातात. तरी मी हे बदलणार नाही.

शिल्पनिदेशक

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत कोपा (संगणक चालक व प्रोग्रामिंग सहायक) व्यवसायाचा निदेशक आहे. वरील सर्वांशी बराचसा सहमत असूनही दोन ठिकाणी माझे मत वेगळे आहे.

पहिले असे की, जुने ते सगळे काढण्यासारखे नसते. डॉसच्या, म्हणजे माऊसशिवाय टाइप करून द्यायच्या, आज्ञा अभ्यासक्रमातून काढाव्यात असे अनेक जण म्हणतात. पाटीपेन्सिल सरांनी वर्णन केलेली अडचण, म्हणजे मोबाइलवर वाढलेल्या मुलांना फाइलचा पत्ता ठाऊक नसणे, ती सोडवायला मला या आज्ञांइतके उपयोगी दुसरे काही सापडलेले नाही. काळ्या पडद्यावर डीआयआर दिले की फोल्डरमध्ये काय आहे ते दिसते, सीडी दिले की आपण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलो हे ओळीच्या सुरुवातीलाच लिहून येते. चित्रे नाहीत, त्यामुळे लक्ष दुसरीकडे जात नाही. शेवटी प्रशिक्षणार्थ्याला पूर्ण पत्ता कागदावर लिहायला लावतो : सी, मग युजर्स, मग स्वतःचे नाव, मग डाउनलोड्स, मग फाइल. हे एकदा हाताखालून गेले की फाइल जोडण्याची खिडकी त्याला परकी वाटत नाही. पुढे सर्व्हरचे किंवा लिनक्सचे काम मिळाले तर त्याच सवयीवर तो उभा राहतो.

दुसरे म्हणजे, पायऱ्यांची वही सरसकट टाकाऊ मानू नये. माझ्याकडे सायंकाळच्या वर्गाला निवृत्तीच्या जवळ आलेले कर्मचारी येतात. त्यांना ‘शोधून काढा’ म्हटले तर ते खुर्चीवरून उठून जातात. माऊस धरताना ज्यांचा हात कापतो त्यांना प्रथम ठाम, ठरलेला मार्ग हवा असतो. तो देणे हे आपले काम आहे. समज नंतर येते, पण आधी भीती जावी लागते.

आणि एक गोष्ट या धाग्यावर अजून आली नाही. प्रशिक्षकाने स्वतः कधी शिकायचे? शिल्प निदेशकांसाठी मुंबईत चुनाभट्टीला राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था आहे, तिथे अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण मिळते. परंतु खाजगी केंद्रातला प्रशिक्षक सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत वर्ग घेतो, तासावर मानधन मिळवतो, आणि नवा प्रोग्राम शिकण्यासाठी घेतलेला प्रत्येक तास त्याच्या खिशातून जातो. शिकवण्याची पद्धत बदलत नाही म्हणून त्याला बोल लावण्याआधी केंद्रचालकांनी आठवड्यातला एक अर्धा दिवस पगारासकट मोकळा द्यावा. याहून मोठी सुधारणा दुसरी नाही, असे मी जबाबदारीने म्हणतो.

पाटीपेन्सिल

निदेशक साहेब, डॉसच्या आज्ञांचा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो आणि पुढच्या तुकडीपासून करून पाहणार आहे. लिनक्सच्या यंत्रांवर त्याला जोडून टर्मिनल, म्हणजे तिथली आज्ञा टाइप करण्याची खिडकी, हीही घेता येईल.

ज्येष्ठांच्या वहीबद्दल माझी रीत सांगतो. वही असावी, पण ती मी सांगून लिहिलेली नसावी. आधी त्यांनी माझ्यासोबत काम करायचे, मग यंत्र बंद करून आपण काय केले ते स्वतःच्या शब्दांत लिहायचे. एका आजींनी वीजबिल ऑनलाइन भरण्याबद्दल लिहिले होते : ‘हिरवे बटण दाबायच्या आधी ग्राहक क्रमांक दोनदा वाचणे.’ बटणाचा रंग बदलेल, पण ग्राहक क्रमांक पुन्हा वाचण्याची गरज राहील, आणि ती त्यांना स्वतःहून सुचली.

अर्ध्या दिवसाबद्दल : माझ्या केंद्रात बुधवारची दुपार तशी मोकळी ठेवतो. आर्थिक ताण पडतो हे खरे आहे, तरीही केंद्रचालकांनी हे करावे, असे मीही आग्रहाने म्हणेन.

नवप्रशिक्षक

मी या क्षेत्रात नवीन आहे, म्हणून सगळ्या ज्येष्ठांना एक प्रश्न विचारते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून माझे विद्यार्थी एक्सेलचे सूत्र स्वतः लिहितच नाहीत. काम मराठीत सांगतात, तयार सूत्र मिळते, ते चिकटवतात, आणि बहुतेक वेळा उत्तर बरोबर असते. मग मी सूत्रे शिकवणे थांबवावे का? व्हीलुकअप, म्हणजे तक्त्यात एखादे नाव शोधून त्यापुढची माहिती आणणारे सूत्र, शिकवताना मुले मला विचारतात की हे कशासाठी, आणि माझ्याकडे पटण्यासारखे उत्तर नसते.

जमाखर्च

ताई, सूत्र लिहिणे कमी करा, सूत्र तपासणे वाढवा. मी एक ठरलेला सराव देतो, तो इथे सांगतो.

चाळीस कर्मचाऱ्यांची पगारयादी घ्या आणि त्यात एकाच नावाचे दोन कर्मचारी ठेवा, दोघांचे पगार वेगळे. दुसऱ्या तक्त्यात सर्वांची नावे देऊन विद्यार्थ्यांना सांगा की चॅटबॉटकडून सूत्र घेऊन प्रत्येकाचा पगार आणा. बहुतेक विद्यार्थी प्रश्नात फक्त नाव देतात, त्यामुळे सूत्रही नावावरून शोधणारे मिळते. व्हीलुकअप असो की नवे एक्सलुकअप, ते पहिली जुळणारी ओळ सापडली की थांबते. दोन्ही नावांपुढे पहिल्याचाच पगार येतो. कुठेही लाल खूण येत नाही, चूक दाखवणारा संदेश येत नाही, तक्ता अगदी सुबक दिसतो. मग त्यांना दोन्ही याद्यांची बेरीज करायला सांगा. बेरीज जुळत नाही, आणि फरक नेमका त्या दोन पगारांतल्या अंतराएवढा निघतो. तो फरक कुठून आला हे शोधताना त्यांना कर्मचारी क्रमांक कशासाठी असतो ते कळते.

दुसऱ्या दिवशी व्हीलुकअपचा शेवटचा भाग काढून टाकलेले सूत्र द्या. तो भाग दिला नाही तर एक्सेल अंदाजे जुळणी धरते आणि यादी क्रमाने लावलेली नसेल तर भलतीच रक्कम येऊ शकते. तिसऱ्या दिवशी मधे एक नवा स्तंभ घाला. व्हीलुकअपमध्ये स्तंभाचा क्रमांक हाताने लिहिलेला असेल तर तो आपोआप सरकत नाही, आणि पगाराऐवजी शेजारचा आकडा येतो. जुन्या ऑफिसमध्ये एक्सलुकअप मिळत नाही, तेव्हा कार्यालयांत व्हीलुकअप अजून बरीच वर्षे भेटणार आहे. हे तीन सराव केलेल्या मुलांनी ‘हे कशासाठी’ असे मला पुन्हा विचारलेले नाही.

वेलांटी

नवप्रशिक्षक ताई, मराठी मजकुराच्या बाबतीतही असेच करता येते. चॅटबॉटकडून कार्यालयीन पत्र लिहून घ्यायला सांगा आणि त्यातले शासन निर्णयाचे क्रमांक, तारखा आणि पदनामे मूळ कागदाशी ताडून पाहायला लावा. माझ्या वर्गात अशा पत्रात अस्तित्वातच नसलेला शासन निर्णय क्रमांक आला होता आणि तो दिसायला अगदी खरा वाटत होता. विद्यार्थ्यांनी तो संकेतस्थळावर शोधला, मिळाला नाही, तेव्हापासून क्रमांक तपासल्याशिवाय कोणी छापायला देत नाही.

पाटीपेन्सिल

वेलांटी ताई, आपल्या रफाराच्या सरावाची शब्दयादी इथे देऊ शकाल का? माझ्या मोबाइलवाल्या मुलांचे मराठी टंकलेखन फार अशुद्ध आहे आणि मला ती पहिल्या आठवड्यातच घ्यायची आहे. जमाखर्च साहेबांचा पगारयादीचा सराव मी सोमवारच्या तुकडीला देत आहे.

वेलांटी

देते. पहिल्या दिवशी : धर्म, वर्ष, सर्व, अर्ज, कार्य. दुसऱ्या दिवशी : कार्यालय, निर्णय, प्रमाणपत्र, पूर्तता, वर्गवारी. यात प्रमाणपत्र मुद्दाम घातले आहे, कारण त्यात र दोनदा येतो आणि दोन्ही वेळा तो रफार नसतो. तिसऱ्या दिवशी : दुसऱ्या, शेतकऱ्यांना, कर्मचाऱ्यांची, सुऱ्या, पायऱ्या. चौथ्या दिवशी हे सगळे एकाच अर्जात आणा. मी शेतकऱ्याचा ई-पीक पाहणीच्या दुरुस्तीसाठी तलाठ्याला केलेला अर्ज देते. प्रत्येक शब्द आधी मोठ्याने फोडून घ्यावा, आणि त्या चार दिवसांत घड्याळ लावू नये.